प्रिस्किलाबाईच्या पैंजणी

नवापूर सोडून गुजरातच्या हद्दीकडे निघालं की डोंगराच्या कुशीत आंबाफळी नावाचं गाव लागतं. चार पाडे, एक चर्च, एक शाळा आणि गावाच्या तोंडाशी शेठची पोल्ट्री. या गावात कुणाची कोंबडी हरवली की लोक कोंबडी शोधायला जात नसत, आधी प्रिस्किलाबाईला शोधायला जात. ती सापडली की कोंबडी सापडल्यातच जमा.

गोष्टी तरी किती सांगाव्यात! एकदा वरच्या पाड्यात लग्न होतं. व्याह्यांच्या पानासाठी आणलेला कोंबडा सुटला आणि थेट चिंचेच्या शेंड्यावर जाऊन बसला. सहा गडी खालून दगड मारतायत. एक दगड कोंबड्याला लागायच्या ऐवजी बँडवाल्याच्या ढोलाला लागला आणि ढोल फाटला. बँडवाला रुसला, व्याही रुसले, कोंबडा वर मजेत. शेवटी कुणीतरी प्रिस्किलाबाईला बोलावलं. ती आली ती सूप घेऊन. चिंचेखाली कोंबड्याकडे पाठ करून बसली आणि भात पाखडायला लागली. म्हणाली, "वर बघू नका रे कुणी. ज्याच्याकडे बघावं ते पळतं." सगळे गडी माना खाली घालून उभे. एक बिडी ओढून व्हायच्या आत कोंबडा खाली उतरून तिच्या सुपाशी कणी टिपायला लागला. तिने हात लांब केला, त्याला काखेत घेतला, आणि त्या लबाडाने चक्क डोळे मिटले!

दुसऱ्या खेपेला एसटीत कुणाच्या तरी पिशवीतून कोंबडी सुटली. बायका किंचाळतायत, ड्रायव्हरने गाडी थांबवलेली. प्रिस्किलाबाईने बसल्या जागेवरून जीभ टाळूला लावून नुसतं टक् टक् केलं, तर कोंबडी सीटखालून चालत येऊन तिच्या पायापाशी बसली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिचं अर्धं तिकीट काढावं लागेल, तुमच्या ओळखीची दिसते." बाई म्हणाली, "काढ. पण मग तिला बसायला जागा दे."

अशी ही प्रिस्किलाबाई. पन्नाशीला आलेली, अंगाने काटकुळी, आवाज इतका हळू की माणसाला दोनदा विचारावं लागे, कोंबडीला मात्र एकदाच. नवरा दानियल दरवर्षी दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाई, तो भर उन्हाळ्यात परत येई. मुलं दोन. थोरला सुरतेला कामाला लागला तो तिकडचाच झाला. घरी राहिली धाकटी लिडिया.

आता तिच्या घरच्या कोंबड्यांचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच उभी आहे. या भागात एक रीत आहे. मुलीची पाठवणी होते तेव्हा आई तिला आपल्या अंगणातली एक तलंग आणि एक कोंबडा देते. तलंग म्हणजे अजून अंडी न दिलेली, वयात येणारी कोंबडी. बांबूच्या डालग्याखाली झाकलेली ही जोडी मुलगी स्वतःच्या हाताने सासरी नेते. भांडी सासऱ्याच्या नावाची होतात, शेत नवऱ्याच्या नावाचं असतं, पण त्या जोडीपासून पुढे जी काही कोंबडी वाढेल ती बाईची. ती विकायची नाही. पाहुण्याला कापावी, अडल्याला द्यावी, पण जात मोडू द्यायची नाही.

प्रिस्किलाबाईची आई दिवलीबाई जुन्या देवांची, डोंगरातल्या पूजेअर्चेची. लेक दिली ती चर्चला जाणाऱ्या घरात. दोन्हीकडून पुष्कळ बोलणी झाली, मोठी माणसं चार वेळा उठून गेली आणि चार वेळा परत बसली. पण डालग्याखालच्या जोडीला कुणी धर्म विचारला नाही. राखी रंगाची ती कोंबडी, आणि तिच्या पायांवर थेट नखांपर्यंत पिसं, जशी पैंजणं घातलेली. म्हणून तिचं नाव पडलं पैंजणी. तीस वर्षांत पैंजणी अख्ख्या आंबाफळीत पसरली. कुणाला खुडूक, म्हणजे उबवणीला बसलेल्या कोंबडीखाली ठेवायला अंडी दिली, कुणाला पिल्लं दिली. शेजारच्या रमीबाईकडे जी होती तीही त्याच वंशाची. गावात पहाटे पहिला कोंबडा आरवला की लोक म्हणत, "दिवलीबाई उठली." दिवलीबाई जाऊन बारा वर्षं झाली होती. भाऊ सुरतेला गेले, माहेरचं खुराडं मोडलं. आईची म्हणून जी काही खूण उरली ती या पायांतल्या पिसांमध्ये.

पोटासाठी मात्र बाई शेठच्या पोल्ट्रीत. बावीस वर्षं. पहिल्या दिवशी पाच हजार पांढऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरली आणि सवयीने गुणगुणायला लागली. मुकादम मगन तापीकाठचा, अहिराणी बोलणारा. तो हसून म्हणाला, "बाई, आठे काय बारसं शे का? गाणं कोणले म्हनी ऱ्हायनी?" पण आठवड्याभरात त्याच्या लक्षात आलं की बाई ज्या रांगेत फिरते तिथे फडफड कमी, फुटकी अंडी कमी. मग त्याने पाचही शेडच्या पोरी तिच्या हाताखाली दिल्या. तिने एवढंच शिकवलं: मागून जाऊ नका, पटकन हात घालू नका, डोळ्यात बघू नका.

त्या पांढऱ्या कोंबड्यांची तिला कीव येई. पिंजऱ्याचा तळ उतरता. अंडं घातलं की घरंगळत पुढे निघून जाई. कोंबडीला आपलं अंडं जाताना तेवढं दिसणार. एकदा तिने एक म्हातारी पांढरी कोंबडी घरी आणून तिच्यापुढे अंडी ठेवून पाहिली. कोंबडीने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं, एक पाय त्यावर ठेवला आणि चालती झाली. "हिला आई व्हायचंच विसरायला लावलंय," प्रिस्किलाबाई रमीबाईला म्हणाली. रमीबाई म्हणाली, "मग सुखी आहे बिचारी."

त्या वर्षी जानेवारीत लिडियाचं ठरलं. मुलगा विसरवाडीकडचा, गाडी दुरुस्तीच्या कामावर. लग्न मे महिन्यात, दानियल उसावरून आल्यावर. लिडिया नवापूरला शिवणकाम शिकत होती, शहराचं वारं लागलेली. ती म्हणायची, "आई, मला मिक्सर दे. कोंबडी काय देतेस?"

"मिक्सर अंडी घालत नाही."

"आणि कोंबडी चटणी वाटत नाही!"

हसणं चाले, पण फेब्रुवारी लागताच आईने सगळ्यांत जुनी पैंजणी अकरा अंड्यांवर बसवली. हिशेब सरळ होता. एकवीस दिवसांत पिल्लं, मे महिन्यापर्यंत त्यांच्या कोवळ्या तलंगा. त्यातली जी उजवी निघेल ती लिडियाच्या डालग्यात. लिडियाही शिकवणीवरून आली की आधी खुराड्यात डोकावून बघायची, तोंडाने काही का म्हणेना.

अंड्यांवर बारावा दिवस होता, आणि शेडमध्ये कोंबड्या मरायला लागल्या.

पहिल्या दिवशी चाळीस. दुसऱ्या दिवशी मोजायचं सोडून दिलं. बर्ड फ्लू हा शब्द गावाने आधी ऐकला होता, कुठल्या तरी लांबच्या गावाचा म्हणून. आता तो दारात आला. पोल्ट्रीच्या फाटकावर पोलीस बसला, पांढऱ्या पोशाखातली, तोंडं झाकलेली माणसं उतरली, आणि मंगळवारी दुपारी जीपवर भोंगा लावून सांगत गेली की गावातली एकूणएक कोंबडी, घरची, दारची, खुराड्यातली, सरकारजमा करायची. आजारी असो की ठणठणीत.

गाव एका दुपारीत हुशार झालं. कुणी कोंबड्या शेतातल्या झोपडीत नेल्या, कुणी कणगीत कोंडल्या, कुणी सरळ रानात हाकलल्या. बुधवारी सकाळी पथक आलं तर अंगणं रिकामी. आणि ज्या दिसत होत्या त्या हाती लागेनात. पांढरा फुगीर पोशाख घातलेला माणूस बघितला की गावठी कोंबडी सरळ झाडावर. दोन तासांत पथकाने पकडल्या सात. एक माणूस घसरून शेणाच्या उकिरड्यात पडला, तेव्हा पाड्यातली पोरं इतकी हसली की त्यांना हाकलावं लागलं.

मगन तोंडाला रुमाल बांधून प्रिस्किलाबाईच्या दारात आला. "बाई, चाल. ह्या लोके कोंबडीमांगे पयी ऱ्हायनात, कोंबड्या झाडवर चढी ऱ्हायन्यात. तुन्हाबिगर काम चालत नही."

"मला नको सांगू, मगनभाऊ. दुसऱ्याच्या अंगणातली मी कशी धरू?"

"मंग शेड कव्हय उघडाई? गाव साफ व्हयनं नही ते शेठ नवी कोंबडी आननार नही. साठ बाया घर बठ्या शेतस."

त्याच्या मागे पथकाची डॉक्टरबाई उभी होती. मयूरी तिचं नाव. शहाद्याकडच्या केळी-कापसाच्या घरातली मुलगी, वय असेल तिशीचं. तिने तोंडावरचा मुखवटा खाली ओढला. डोळ्यांभोवती त्याचा वळ उठला होता. म्हणाली, "मावशी, पळवून पळवून धरलेली कोंबडी फार हाल होऊन मरते. तुमच्या हातात शांत राहतात म्हणे. तेवढं तरी त्यांना मिळू द्या."

हे वाक्य बाईला लागलं. ती थोडा वेळ उंबऱ्यावर बसली. मग उठली, खुराडं उघडलं आणि पाड्यातल्या सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "माझी आधी."

एकेक करून चौदा कोंबड्या तिने बाहेर काढल्या. प्रत्येकीला छातीशी धरायची, पंखाखालून बोटं फिरवायची, ती डोळे मिटेपर्यंत थांबायची, मग डॉक्टरबाईच्या हाती द्यायची. फडफड नाही, आवाज नाही. बायका बघत होत्या. चौदावी झाली तेव्हा रमीबाईने डोळ्यांना पदर लावला आणि आपल्या घरात जाऊन टोपल्याखालची कोंबडी घेऊन आली. मग दुसरी आली, तिसरी आली. रानात हाकललेल्यांना प्रिस्किलाबाईने नाल्याच्या काठी उभं राहून टक् टक् करत बोलावलं, आणि त्या आल्या. तिचा आवाज ओळखून आल्या. दुपारपर्यंत चारही पाड्यांत कोंबडीचं पीस हललेलं दिसेना. पोल्ट्रीमागच्या खड्ड्यावर चुना पडला.

पण एक गोष्ट बाईने केली होती. मंगळवारी भोंगा वाजत गेला तेव्हाच केली होती.

तिच्या घराच्या माळ्यावर नागलीची जुनी, रिकामी कणगी होती. तिच्यात तुसाच्या गादीवर अकरा अंड्यांसकट ती म्हातारी पैंजणी बसवलेली होती, आणि शेजारच्या खोक्यात कोंबडा. कोंबडा आरवू नये याची एक युक्ती डोंगरातल्या माणसांना ठाऊक आहे. कोंबड्याला आरवायला मान ताणावी लागते. डोक्यावर बोटभर अंतरावर फळी ठेवली की मान वर जात नाही, आणि मान वर गेली नाही की आवाज निघत नाही. तिने फळी ठेवली, फळीवर पाटा ठेवला.

चौदावी दिल्यावर डॉक्टरबाईने कागदावर लिहिता लिहिता विचारलं होतं, "मावशी, आणखी काही?" बाई म्हणाली, "नाही." संध्याकाळी चर्चचे पाळक घरोघर धीर द्यायला आले. त्यांनी विचारलं, "प्रिस्किलाबाई, सगळ्याच गेल्या?" ती म्हणाली, "सगळ्याच." आणि दुसऱ्या दिवशी नळावर रमीबाईने हंडा भरता भरता विचारलं, "प्रिस्के, तुझी ती खुडूक बसलेली? लिडियासाठीची?"

"ती पण," प्रिस्किलाबाई म्हणाली.

रमीबाईने हंडा नळाखाली तसाच सोडला, तिचा हात धरला. "माझी पण बसली होती ग. नऊ अंड्यांवर. म्हटलं, तू लेकीची दिलीस, मी कोणत्या तोंडाने ठेवू?"

 भरलेल्या हंड्यात पाणी पडत राहिलं.

पुढचे तीन दिवस गावाचे वाईट गेले. बिनकोंबड्याच्या गावात सकाळ होते पण कुणाला कळत नाही. जीपवाला वाहरू दोनदा उशिरा उठला आणि तालुक्याला जाणारी माणसं फाट्यावर त्याला शिव्या देत बसली. म्हाताऱ्या अंगणात येऊन सवयीने कणी फेकायच्या आणि मग आपल्याच हाताकडे बघायच्या. तरी लोक प्रिस्किलाबाईला नावं ठेवत नव्हते. उलट पाळकांनी शनिवारी सांगितलं की रविवारी तिच्यासाठी खास प्रार्थना करू, स्वतःची आधी देणारं माणूस कुठे मिळतं आता.

रविवारी चर्च भरलं होतं. बाई बायकांच्या पहिल्या रांगेत, मान खाली. लिडिया पोट दुखतं म्हणून घरी राहिली होती. पोट दुखत नव्हतं. सगळं गाव चर्चमध्ये असताना माळ्यावर पाणी द्यायला ती वेळ बरी, असं आई-लेकीचं ठरलं होतं. चर्च आणि घर यांच्यात एक कुंपण आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर.

लिडियाने आधी कोंबडीला पाणी दिलं. मग खोक्यावरचा पाटा उतरवला, फळी उचलली. पाच दिवस मान मोडून बसलेला तो जीव उभा राहिला. लिडियाला दया आली. तिने त्याला क्षणभर उभं राहू दिलं.

इकडे पाळकांनी नुकतंच प्रिस्किलाबाईचं नाव घेऊन डोळे मिटले होते. सगळं चर्च गप्प. त्या शांततेत कोंबडा आरवला. खणखणीत, लांब, पाच दिवसांचा साठवलेला. एकदा. आणि मग पुन्हा.

कुणी हललं नाही. चर्चमध्ये बसलेल्या माणसांना त्या आवाजाचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. कोंबडा आरवायच्या आत शिष्याने आपल्या प्रभूला तीनदा नाकारलं, ही गोष्ट लहानपणापासून दरवर्षी ऐकत आलेली माणसं ती. पाळकांनी डोळे उघडले नाहीत. प्रार्थना कशीबशी पुरी केली, पण बाईचं नाव पुन्हा घेतलं नाही. पोरांच्या रांगेतून एकाने हळूच म्हटलं, "दिवलीबाई उठली," आणि कुणीतरी त्याला चापट मारली.

बाहेर पडताना रमीबाई वाटेत उभी होती. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"माझी आधी, म्हणालीस."

"रमी, लिडियासाठी ग…"

"मला लेक नाही म्हणून माझी अंडी चुन्यात गेली का?"

एवढं बोलून ती गेली. बाकीच्या बायका तिच्यामागे गेल्या. जाताना कुणी वळून पाहिलं नाही. पथकाला कुणी कळवलंही नाही. आंबाफळीची माणसं तसली नाहीत, आपल्यातलं आपल्यात. बाई संध्याकाळपर्यंत थांबली असती, चार घरी जाऊन पाय धरले असते, पिल्लं निघाल्यावर पहिली जोडी रमीबाईच्या अंगणात सोडली असती, तर कुणास ठाऊक, काळाने काही पुसलं असतं.

पण प्रिस्किलाबाईला एकच वाटलं: चुकलं ते सगळ्यांच्या देखत दुरुस्त करायचं. तिने घरी येऊन कोंबडी एका काखेत घेतली, कोंबडा दुसऱ्या, अंडी पदरात बांधली. लिडिया दारात आडवी झाली. "आई, मीच मूर्ख. मला मार. पण नेऊ नकोस. कुणी मागितलीय का तुझ्याकडे?"

"बाजूला हो."

"मला मिक्सर नको, काही नको. हीच दे मला. आई!"

बाई तिच्या अंगावरून गेली. भर दुपारी गावाच्या मधल्या रस्त्याने, दोन्ही काखांत पाखरं घेऊन, सगळ्या दारांसमोरून चालत गेली. दोन्ही पाखरं डोळे मिटून शांत होती.

पोल्ट्रीच्या फाटकाशी पथकाचं सामान बांधणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी ती माणसं जाणार होती. जिल्ह्याचे एक साहेब आले होते, पंच म्हणून गावातली दोन माणसं खुर्चीवर बसली होती, एकजण फोनवर फोटो काढत होता. गाव निरंक असल्याच्या कागदावर सह्या चालल्या होत्या. डॉक्टर मयूरीने बाईला येताना पाहिलं आणि ती जवळजवळ धावतच पुढे आली.

"मावशी, मागे फिरा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"डॉक्टरबाई, मी खोटं बोलले होते. घ्या."

"मला माहीत होतं! त्या दिवशी तुमच्या माळ्यावरून तूस गळत होता माझ्या खांद्यावर. मी वर पाहिलंच नाही, मावशी. मुद्दाम नाही पाहिलं. बारा दिवसांनी मी गुपचूप येऊन तपासणार होते. कशाला आणलीत इथे?"

बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वर बघू नका, हे तिचंच सांगणं होतं आयुष्यभर.

तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "काय आहे ते? पक्षी आहेत का?" पंचांनी पाहिलं. फोटो काढणाऱ्याने फोन इकडे वळवला. मग मयूरीने मुखवटा वर ओढला, हातमोजे घातले आणि दोन्ही हात पुढे केले. कोंबडी तिच्या हातात गेली तेव्हा पायांतली पिसं हातमोज्यावर घासली गेली. अंडीसुद्धा द्यावी लागली. त्यातल्या एका अंड्याच्या आत हालचाल होत होती. पदराची गाठ सोडताना बाईच्या बोटांना ती कळली.

सह्या झालेला कागद फाडला गेला. साफ म्हटलेल्या गावात जिवंत पाखरं सापडली म्हणून गावाचे दिवस त्या तारखेपासून नव्याने मोजायचे ठरले. पथक थांबलं. घराघरांचे माळे, कणग्या, रानातल्या झोपड्या पुन्हा झाडल्या गेल्या. कुणाकडे काही निघालं नाही, पण प्रत्येक घरात अनोळखी माणूस माळ्यावर चढून गेला.

मगन तिथेच खांबाला टेकून उभा होता. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "बाई, तू काय करी बठनी!"

शेड उघडायला होळी गेली, मग ईस्टर गेला. तोवर शेठचा धीर सुटला. पाचातली दोनच शेडं त्याने भरली, तीही पिंजऱ्यांत आपोआप दाणा सोडणारी यंत्रं लावून. साठ बायकांतल्या वीस परत घेतल्या. उरलेल्या पोरी जीपमध्ये बसून गुजरातेत कामाला गेल्या. वीसांत प्रिस्किलाबाईचं नाव नव्हतं. ती विचारायला गेली तेव्हा मगन चपलेने माती उकरत राहिला. "मी ते घेतू, बाई. पन बाया म्हनतस, ती जठे ऱ्हाई तठे आम्ही नही."

आधी तिने आमच्या कोंबड्या नेल्या, मग आमचं काम नेलं, असं गाव म्हणत होतं. एप्रिलअखेरीस दानियल उसावरून आला. त्याने जेवताना सगळं ऐकून घेतलं, हात धुतला आणि म्हणाला, "एक तर लपवायची नव्हती. आणि लपवली होती तर न्यायची नव्हती." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिने त्याचं ताट उचललं.

लग्न तोंडावर आलं. गावात हळूहळू बाजारातल्या कोंबड्या दिसायला लागल्या होत्या, तांबड्या, काळ्या, कुठल्या कुठल्या. पैंजणी एकही नव्हती. बाई तीन घरी गेली, डालग्यात ठेवायला एक तलंग द्या म्हणून. वाटेल ती, रीत मोडू नये एवढंच. पहिल्या घरी सांगितलं, अजून लहान आहेत. दुसऱ्या घरी कुणी बाहेरच आलं नाही. तिसरं घर रमीबाईचं. ती अंगणातच होती, पायाशी दोन कोंबड्या. त्यातली एक प्रिस्किलाबाईला बघून सरळ तिच्याकडे चालत आली, सवय नसताना, ओळख नसताना. रमीबाईने झटकन पुढे होऊन तिच्यावर डालगं पालथं घातलं.

"आमच्याकडे कुठे कोंबडी," ती म्हणाली. "तूच तर नेलीस."

शेवटी मगनने शेडमधली एक पांढरी दिली, चोच कापलेली. लिडियाने ती डालग्याखाली झाकून हसत हसत नेली, आईला बरं वाटावं म्हणून. विसरवाडीच्या बायकांनी डालगं उचलून पाहिलं तेव्हा त्याही हसल्या; त्यांचं हसणं वेगळं होतं.

श्रावणात लिडियाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती म्हणाली, "आई, मी शेजारणीकडची अंडी आणून तिच्याखाली ठेवून पाहिली. ती बसतच नाही ग. बघते आणि निघून जाते."

"नाही बसायची."

"तू ये ना एकदा. तुझ्या हाताने ठेवलीस तर बसेल. तुझा हात कळतो कोंबड्यांना."

प्रिस्किलाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. 

"माझ्या हाताचं नाव काढू नकोस," ती म्हणाली आणि फोन बाजूला ठेवला.

तिने भात पाखडला. कणी उडून अंगणभर सांडली, जशी तीस वर्षं सांडत आली होती. पाखडून झाल्यावर तिने केरसुणी आणली आणि ती सगळी कणी झाडून गोळा केली. टिपायला दुसरं कुणी नव्हतं.